टू-सीव्ही की बीटल?

दोन्ही गाड्या सामान्य माणसासाठी बनल्या, दोन्हींची इंजिनं हवेनं थंड होणारी. साम्य तिथंच संपतं. फोक्सवॅगन बीटलचं चार सिलिंडरचं इंजिन मागे, ताकद मागच्या चाकांना. वळणात जोरात शिरून अचानक ॲक्सिलरेटरवरून पाय उचललात तर शेपूट, म्हणजे गाडीचा मागचा भाग, बाहेर सुटू शकते.

सित्रोएन टू-सीव्ही पुढच्या चाकांनी ओढते. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा ३७५ सीसी आणि ९ अश्वशक्ती, एवढाच ऐवज! ती बनवणाऱ्यांपुढची अट मात्र भलती: नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फोडता न्यायची. त्यासाठी पुढचं आणि मागचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी रचना, एकमेकांना जोडलं. वळणावर ती होडीसारखी कलते, नवख्याच्या पोटात गोळा येतो, पण चाकं रस्ता धरून राहतात. ताकद इतकी तुटपुंजी, की एकदा घालवलेला वेग पुन्हा मिळवायला बराच वेळ लागतो. म्हणून ब्रेक टाळत, आधीच अंदाज बांधत वळण काढायचं. शौकीन वेडे होतात ते या कसरतीपायी. डॅशबोर्डमधून छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला गिअर हा वर नखरा.

सरळसोट महामार्गावर मी बीटलच घेईन. फ्रान्समधल्या गावाकडच्या नागमोडी रस्त्यावर मात्र कापडी छप्पर गुंडाळून टू-सीव्ही.