दोन वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवली, गाडी मस्त आहे पण बनली कशी ते कोणी सांगेना

घेताना मी ढीगभर रिव्ह्यू वाचले होते, सगळीकडे रेंज, पिकअप आणि चार्जिंगला किती वेळ लागतो एवढंच, म्हणून दोन वर्षं वापरून झाल्यावर हे लिहितेय.

चालवायला गाडी एक नंबर. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आपोआप हळू होते, मोटरच जनरेटर होते आणि वीज परत बॅटरीत जाते. पहिल्यांदा मोठा उतार उतरले तेव्हा बॅटरीच्या चार्जचा आकडा 61 वरून 63 झाला, मी गाडी बाजूला घेऊन परत बघितलं खरंच वाढलाय का ते! सर्व्हिसिंगला मेकॅनिकने ब्रेक पॅड काढून दाखवले, जवळजवळ नवेच होते. रेंज मात्र कंपनी सांगते तेवढी मिळत नाही, थंडीत तर अजून कमी.

आता माझी खरी तक्रार. शोरूममध्ये विचारलं की बॅटरी एलएफपी (म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेटवाली) आहे का निकेल-कोबाल्टवाली, तर सेल्समन आत जाऊन हिरव्या पानाचं चित्र असलेलं ब्रोशर घेऊन आला. हा प्रश्न उगाच नाही विचारला हो, जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो, तिथल्या छोट्या खाणींमध्ये लहान मुलंही राबतात, आणि एलएफपीत कोबाल्ट लागतच नाही. ब्रोशरमध्ये काय, तर सीटचं कापड जुन्या बाटल्यांपासून बनवलंय. चांगलंय, पण ते कापड असून असून किती किलो असणार? गाडीचं खरं वजन पोलादाचं आणि बॅटरीचं, आणि कोळशाच्या भट्टीतलं एक टन पोलाद म्हणजे साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड. त्याबद्दल अवाक्षर नाही.

ओळखीतले लोक म्हणतात वीज कोळशाचीच ना, मग काय फरक पडतो. पडतो. बॅटरीमुळे ही गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच पेट्रोल गाडीपेक्षा जास्त कार्बन घेऊन निघते, ते चालवता चालवता भरून निघतं, वीज स्वच्छ असेल तर लवकर आणि कोळशाची असेल तर बराच उशिरा. पण त्यांचा अविश्वास मला कळतो. 2015 मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण बाहेर आलं, जगभरातल्या सुमारे 1.1 कोटी गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं की टेस्टमध्ये धूर स्वच्छ आणि रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट जास्त. त्यानंतर नुसत्या हिरव्या पानावर कोण विश्वास ठेवेल?

आकडे द्यायला हवेत. युरोपियन युनियनमध्ये फेब्रुवारी 2027 पासून अशा गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे, क्यूआर कोड स्कॅन केला की बॅटरीची कुंडली समोर. मला हेच हवंय, सगळीकडे, आणि गाडीच्या पोलादासाठीसुद्धा.

चालवायला 5 पैकी साडेचार, माहिती द्यायला 1. कंपनीला तीन मेल केले, एकदाच उत्तर आलं आणि त्यात जंगलाचे फोटो असलेल्या पेजची लिंक होती. काल चौथा मेल टाकलाय, फक्त दोन प्रश्न: बॅटरी कुठल्या कारखान्यात बनली आणि तिथली वीज कशाची. उत्तर आलं की इथेच टाकते.