२९ की २७.५? सातपुड्याच्या वाटेसाठी सायकल

धुळ्याहून भाच्याचा फोन: "मामा, २९ इंची चाक घेऊ की २७.५?" दुकानदाराचं बोलणं बाजूला ठेवू.

आधी दगडगोटे. सातपुड्यातल्या पाल गावाकडच्या कोरड्या नाल्यात मुठीएवढे गोटे पसरलेले असतात. २९ चं चाक त्यांवर कमी कोनात चढतं, धक्का कमी बसतो, वेग टिकतो. टायर बसतो तिथे रिमचा व्यास ६२२ मिमी, २७.५ चा ५८४. फरक ३८ मिमीचाच, पण गोट्यांवर मनगटाला कळतो. अरुंद, नागमोडी पायवाटेवर मात्र २७.५ पटकन वळतं आणि थांबून निघताना हलकं वाटतं.

हँडलची गोष्ट वेगळी. सपाट हँडलने वजन पुढे राहतं, म्हणून खड्या चढावर पुढचं चाक उचलत नाही. दोन्ही टोकांना उंच उठलेलं हँडल, म्हणजे रायझर, उतारावर धीर देतं. रुंद हँडलला जोर मिळतो, दगडाने चाक हिसकलं तरी सावरता येतं. पण बाभळींमधून जाताना बोटं सोलून निघतात. मी माझं ७६० मिमीचं दोन्हीकडून २०-२० मिमी कापून घेतलं.

पावसात काळ्या मातीपुढे दोन्ही सारखीच. सायकल खांद्यावर!

लांब पल्ला, खडकाळ रस्ता, उंच माणूस: २९ आणि सपाट हँडल. बुटका माणूस, झाडीतल्या वाटा, उतारांची हौस: २७.५ आणि रायझर. भाचा पाच फूट तीन इंच आहे, त्याला मी २७.५ च सांगितलं.