ऑनलाइन साथसंगत: थेट जॅम करायचा की ट्रॅक पाठवायचे?

दूरच्या कुणाबरोबर वाजवायचं म्हटलं की दोन रस्ते समोर येतात. दोघांनी एकाच वेळी ऑनलाइन येऊन थेट वाजवायचं, किंवा आपला ट्रॅक रेकॉर्ड करून पाठवायचा आणि समोरच्याने सवडीने त्यावर आपला चढवायचा. नवख्यांना ओढ पहिल्याची असते. माझं मत मात्र ठाम आहे: सुरुवात दुसऱ्या रस्त्याने करा.

थेट वाजवताना सगळं अडतं ते विलंबापाशी. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला साधारण २५-३० मिलिसेकंदांहून जास्त लागले की लय घसरते. तुम्ही त्याच्यासाठी थांबता, तो तुमच्यासाठी, आणि गाणं संथ होत जातं. नेहमीचं व्हिडिओ कॉलचं अॅप इथे कामाचं नाही. विलंब तर असतोच, शिवाय नॉइज सप्रेशन चालू असेल तर तानपुऱ्याचा अखंड सूर गोंगाट समजून कापला जातो. थेट वाजवायला जॅम्युलस किंवा सोनोबससारखं खास सॉफ्टवेअर हवं. दोन्ही मोफत आहेत, पण वायफायऐवजी लॅन केबल, वायरचा हेडफोन आणि शक्यतो ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्य संगणकाला जोडणारं यंत्र) लागतो. ब्लूटूथ हेडफोन तर विसराच, बहुतेकांचा एकट्याचाच विलंब १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. आणि जोडीदार सहा हजार किलोमीटरवर असेल तर फायबरमधून नुसतं पोचायलाच ३० मिलिसेकंद जातात. कितीही महागडं सामान घेतलं तरी ते कमी होत नाहीत.

यावर २००५ साली आलेल्या निंजॅम या सॉफ्टवेअरने वेगळीच युक्ती काढली: विलंब कमी करण्याऐवजी तो पूर्ण आवर्तनाएवढा वाढवायचा. समोरच्याचं मागचं आवर्तन ऐकत तुम्ही चालू आवर्तन वाजवता. एकाच ठेक्यावर खेळायला मजा येते, अंतरा-मुखडा असलेलं गाणं मात्र त्यात बसत नाही.

ट्रॅक पाठवण्यात अंतराचा प्रश्नच उरत नाही, आणि मनासारखं होईपर्यंत टेक घेता येतो. शिकणाऱ्याला ही मोकळीक फार मोलाची. त्यासाठीची बँडलॅब, साउंडट्रॅप ही सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतात. स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणार असाल तर फाइल पाठवताना काळजी घ्या. एमपी३ नको, त्याच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि ट्रॅक समेवर बसत नाही, डब्ल्यूएव्ही (WAV) पाठवा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने नोंदवायचे, ते आधी ठरवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल न बदलता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजली, तर गाणं जलद होतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. तुमचा भाग दुसऱ्या अंतऱ्यात येत असला तरी फाइल गाण्याच्या पहिल्या मात्रेपासूनच काढा. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावू नका. बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) आणि पट्टी फाइलच्या नावातच लिहा.

उणीव एकच, पण खरी: समोरच्याने अचानक घेतलेल्या जागेला तिथल्या तिथे दाद देता येत नाही. उत्तराची वाटही पाहावी लागते. जोडीदार जवळच्या शहरात असेल, दोघांचं इंटरनेट लॅन केबलने जोडलेलं असेल आणि तुमचं संगीत उपजेचंच असेल, तर थेट जॅमच निवडा. बाकीच्यांनी दोन-तीन गाणी ट्रॅक पाठवून पुरी करावीत. तोवर कुणाशी सूर जुळतो हेही कळतं.

रस्ता कोणताही घ्या, पहिल्याच निरोपात लिहून टाका की श्रेय कुणाकुणाचं, तुमच्या ट्रॅकमध्ये काटछाट चालेल का, आणि गाणं प्रसिद्ध करण्याआधी विचारायचं का.