खंजीर दोर कापण्यासाठी: ‘किंग्ज क्वेस्ट’ दुसऱ्यांदा खेळताना

‘किंग्ज क्वेस्ट’ या जुन्या संगणकीय गेममधल्या डॅव्हेन्ट्री राज्यातल्या एका विहिरीत उडी घेऊन, पाण्याखाली बुडी मारून पलीकडच्या गुहेत शिरले की समोर एक ड्रॅगन जादूच्या आरशावर पहारा करीत बसलेला दिसतो. आपल्या नायकाजवळ, म्हणजे सर ग्रॅहमजवळ, तोवर एक खंजीर आलेला असतो. तो ड्रॅगनवर फेकला की ड्रॅगन मरतो, आरसा हाती लागतो आणि गेम पुढे सरकतो. पहिल्यांदा खेळताना मी हेच केले आणि त्यात काही चुकले असे मला वाटलेही नाही, कारण खंजीर हातात असताना आणि समोर ड्रॅगन असताना दुसरे काही सुचण्याचे कारण नव्हते. गेम संपल्यावर मात्र पडद्याच्या वरच्या कडेला दिसणारा गुणांचा आकडा कमाल १५८ च्या बराच अलीकडे थांबलेला होता, आणि तो तसा का थांबला याचा शोध घेण्यासाठी मी हा गेम पुन्हा पहिल्यापासून खेळलो.

दुसऱ्या खेपेला कळले ते असे. खंजिराचे खरे काम त्या विहिरीवरच आहे. विहिरीच्या दोराला पोहरा बांधलेला असतो. खंजिराने दोर कापायचा, पोहरा सोडवून घ्यायचा, तो पाण्याने भरायचा आणि बुडी मारून गुहेत गेल्यावर ते पाणी ड्रॅगनच्या तोंडावर फेकायचे. आग विझलेला ड्रॅगन एकाएकी केवळ एक मोठा सरडा होऊन जातो. गुहेच्या तोंडाशी असलेला धोंडा तो स्वतःच बाजूला सारतो आणि निघून जातो. आरसा मिळतो, बाहेर पडण्याची वाट मोकळी होते, कोणी मरत नाही आणि गुण जास्त मिळतात. ज्या हत्याराने ड्रॅगनला मारता येते, त्याच हत्याराने त्याला न मारण्याची सोय करता येते, हे ज्या रचनाकाराला १९८४ साली सुचले त्याच्या बुद्धीचे मला आजही कौतुक वाटते.

ती रचनाकार म्हणजे रोबर्टा विल्यम्स. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील सिएरा ऑन-लाइन या कंपनीने हा गेम आयबीएमच्या पीसीज्युनिअर या घरगुती संगणकासाठी, आयबीएमनेच दिलेल्या पैशातून, तयार केला. तो संगणक बाजारात चालला नाही. गेम मात्र इतर यंत्रांवर जाऊन चांगलाच रुजला. नायक चित्रातल्या झाडामागून जातो तेव्हा झाकला जातो आणि पुढून जातो तेव्हा पूर्ण दिसतो, ही आज कोणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट तेव्हा नवलाची होती. सोळा रंगांतली ही चित्रे आज ओबडधोबड दिसतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तळ्याचा निळा रंग आणि किल्ल्याभोवतालच्या खंदकातल्या मगरी अजूनही मजेदार वाटतात.

कथा परीकथेची आहे. म्हातारा राजा एडवर्ड आपल्या सरदाराला, सर ग्रॅहमला, हरवलेल्या तीन वस्तू परत आणायला पाठवतो: भविष्य दाखवणारा आरसा, धारण करणाऱ्याला अपाय होऊ न देणारी ढाल आणि कधीही रिकामी न होणारी, सोन्याने भरलेली पेटी. गेमसोबतच्या माहितीपुस्तिकेत या वस्तू कशा गेल्या याची हकीकत दिली आहे, आणि ती न वाचता खेळायला बसणाऱ्याचे नुकसान होते असे मी म्हणेन. आरसा एका मांत्रिकाने राजाला मूल होण्याची आशा दाखवून नेला. ढाल एका बुटक्याने आजारी राणीसाठी औषधी मुळी देतो म्हणून नेली. आणि पेटी, राजा जिच्याशी पुन्हा लग्न करायला निघाला होता त्या सुंदर तरुणीच्या वेशातल्या चेटकिणीने पळवली. तिन्ही वेळा राजा लढाईत हरलेला नाही, तो फसलेला आहे. जे फसवणुकीने गेले ते युक्तीने परत आणायचे, असा हा हिशोब सुरुवातीपासूनच मांडलेला आहे.

पुलावरच्या राक्षसाचे उदाहरण घ्या. तो वाट अडवतो आणि काहीतरी मौल्यवान वस्तू मागतो. ती देऊन पुढे जाता येते, पण त्या वस्तूबरोबर तिचे गुणही जातात. बागेतले गाजर उपटून, कुंपणातल्या बोकडाला ते दाखवत दाखवत पुलापर्यंत आणले, तर बोकड पुढचे सगळे काम एका धडकेत करून टाकतो. लेप्रेकॉन या आयरिश लोककथांतल्या ठेंगूंकडे ढाल आहे. ते संख्येने इतके आहेत की मारामारीचा प्रश्नच येत नाही. तिथे चार पानांचा क्लोव्हर (एक छोटे रानरोप) जवळ बाळगायचा आणि व्हायोलिन वाजवायचे; ठेंगू नाचत नाचत निघून जातात आणि ढाल जागेवर उरते. ते व्हायोलिनही कोणाकडून हिसकावून घ्यायचे नाही. गरीब लाकूडतोड्याच्या घरी अन्नाने भरणारा जादूचा वाडगा द्यावा लागतो, मग तो आपणहून ते घ्यायला सांगतो. ठेंगूंच्या बिळातून बाहेर पडण्यासाठी तर अळंबे खाऊन स्वतःलाच इवलेसे करून घ्यावे लागते. नायकाने लहान होऊन सुटावे, हे पराक्रमाच्या किती गेममध्ये पाहायला मिळेल, मला शंका आहे.

ढगांवरच्या प्रचंड राक्षसाजवळ सोन्याची पेटी आहे. त्याच्यासाठी गोफणही ठेवलेली आहे आणि नदीकाठी खडेही आहेत, म्हणजे गेम आपल्याला मोहात पाडण्यात काही कसर ठेवत नाही. गोफणीचा दगड बसला की राक्षस कोसळतो. पण अंगठी घालून अदृश्य व्हायचे, झाडांआड थांबायचे आणि काहीही न करता वाट पाहायची, एवढे साधले तर तो फिरून फिरून दमतो आणि झोपी जातो. पेटी उचलायची आणि निघायचे. याचे गुण गोफणीपेक्षा जास्त आहेत. मला सर्वांत कठीण गेले ते हेच, कारण कीबोर्डवरून हात काढून थांबणे हेही खेळणेच आहे, हे मनाला पटवावे लागते.

या साऱ्यात महत्त्वाचे हे की गेम हिंसेला बंदी घालत नाही. खंजीर फेकणाऱ्याला तो उपदेश करत नाही, त्याची वाटही बंद करत नाही. जुन्या पद्धतीच्या गणिताच्या मास्तरांनी उत्तर बरोबर पण रीत चुकीची म्हणून दोन गुण कापावेत, तसे मुकाट्याने गुण कापतो. मराठी घरांत वाढलेल्यांना ही रीत परकी वाटू नये. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा, असे वाघाला सांगून निघालेली आणि भोपळ्यात बसून परतलेली म्हातारी आपल्याला शाळेत जाण्याआधीच भेटलेली असते. तिच्याजवळ खंजीर नव्हता, एवढाच फरक. ग्रॅहमजवळ तो आहे, आणि असूनही तो मारण्यासाठी वापरायचा नाही, ही या गेमने घातलेली भर आहे.

दोष आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. पहिला म्हणजे बुटक्याचे कोडे. एक म्हातारा बुटका आपले नाव ओळखायला सांगतो आणि त्यासाठी तीन संधी देतो. चेटकिणीच्या घरात एक चिठ्ठी सापडते. कधी कधी उलटा विचार करणे शहाणपणाचे असते, अशा अर्थाचे वाक्य तिच्यावर आहे. युरोपीय परीकथेतले रंपलस्टिल्टस्किन हे नाव इथे अभिप्रेत आहे, एवढे ज्याला सुचले तोसुद्धा ते नाव शेवटच्या अक्षरापासून उलटे लिहील आणि चुकेल. मूळ गेमला हवी आहे ती उलटी इंग्रजी वर्णमाला: ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय, अशी. त्यातून तयार होणारा शब्द उच्चारता येत नाही आणि एकही अक्षर चुकवून चालत नाही. राक्षसाला, ड्रॅगनला, ठेंगूंना चकवणे यात खेळाडू समोर दिसणाऱ्या गोष्टींवरून तर्क करतो. इथे मात्र खेळाडूलाच चकवले जाते. १९९० साली कंपनीने हा गेम सुधारून पुन्हा काढला तेव्हा सरळ उलटे लिहिलेले नाव ग्राह्य धरले, यावरून तक्रार किती रास्त होती ते समजते. मूळ आवृत्तीत नाव न ओळखणाऱ्यांसाठीही सोय आहे: ढगांपर्यंत वेल उगवणाऱ्या जादूच्या बियांऐवजी बुटका एक किल्ली देतो आणि डोंगरातल्या दाराने वर ढगांवर जाता येते. गुण अर्थातच कमी. खरे सांगायचे तर बियांपासून उगवलेल्या वेलीवर चढताना मी इतक्या वेळा खाली पडलो की त्या किल्लीबद्दल मला आदर वाटू लागला.

दुसरा दोष भाषेचा म्हणता येईल. बाणांच्या कळांनी नायक चालतो, पण बाकी प्रत्येक कृती इंग्रजीत टाइप करून सांगावी लागते: क्रियापद आणि नाम. शब्द सोपे आहेत, मात्र गेमच्या मनात नेमका कोणता शब्द आहे हे ओळखणे हेच पुष्कळदा कोडे होऊन बसते, आणि मूळ आवृत्तीत आपण टाइप करीत असताना गेम थांबत नाही, त्यामुळे लांडगा अंगावर येत असताना स्पेलिंग आठवत बसण्याची पाळी येते. लांडगा, नरभक्षक दैत्य, आपला ऐवज चोरणारा बुटका यांच्याशी लढताच येत नाही. चित्राच्या कडेबाहेर पळून जाणे हा साधा उपाय आहे. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी गेम सेव्ह करण्याची सवय हवी. खंजीर ज्या दगडाखाली आहे तो दगडसुद्धा चुकीच्या बाजूला उभे राहून ढकलला तर ग्रॅहमवरच गडगडतो.

तिसरी गोष्ट मला खटकते ती चेटकिणीची. तिच्या खाऊच्या घरात शिरून, ती पाठमोरी असताना तिला मागून ढकलून संपवायचे, आणि त्याचे गुण मिळतात. १५८ पैकी १५८ मिळवायचे तर हे करावेच लागते. ज्या गेमने ड्रॅगनला जिवंत सोडायला शिकवले त्याच गेमने इथे बेसावध म्हातारीला मागून ढकलण्याला युक्ती म्हणावे, हे मला पटत नाही. परीकथेत असेच घडते, हे उत्तर खरे आहे. पण परीकथेत ड्रॅगनही मरतोच.

गेम आज मिळवणे अवघड नाही. मालिकेतले सुरुवातीचे भाग जीओजी या संकेतस्थळावर एकत्रित विकत मिळतात आणि आजच्या विंडोज संगणकावर चालतात. टाइप करणे अगदीच नको असेल त्यांच्यासाठी एजीडी इंटरॲक्टिव्ह या हौशी मंडळींच्या गटाने माउसने खेळता येईल अशी, चित्रे नव्याने रंगवलेली आवृत्ती केली आहे आणि ती मोफत आहे. मुलांना घेऊन खेळणार असाल तर तीच घ्यावी. एकट्याने, कागद-पेन्सिल घेऊन, नकाशा काढत खेळणाऱ्याने मूळ आवृत्तीच घ्यावी. नकाशा काढताना एक लक्षात ठेवावे की डॅव्हेन्ट्रीची एक कड दुसऱ्या कडेला जोडलेली आहे, त्यामुळे सरळ चालत राहणारा माणूस निघाला तिथेच परत येतो.

तिसऱ्या खेपेला मी चेटकीण बाहेर गेलेली असताना तिच्या घरात शिरलो, फडताळातले चीज आणि ती चिठ्ठी घेतली आणि ती परतण्याआधी बाहेर पडलो. चीज पुढे ठेंगूंच्या बिळाची वाट अडवणाऱ्या अवाढव्य उंदराला दिले. तिन्ही वस्तू घेऊन राजापुढे उभा राहिलो तेव्हा आकडा १५८ च्या खालीच होता. तो तसाच राहू दिला.