डीऑक्सिट डी५ स्प्रे (विजेचे काँटॅक्ट साफ करणारा): जुन्या कार स्टिरिओच्या व्हॉल्यूम नॉबसाठी मस्त
गाडीसोबत आलेला जुना स्टिरिओ, आवाज कमी करायला गेलं की उलट वाढायचा, कधी एकदम दणकन, पण स्टिअरिंगवरच्या बटणांनी व्यवस्थित कमीजास्त व्हायचा, म्हणजे दोष नॉबमध्येच हे तिथेच कळतं. सगळे म्हणाले नवीन सेट टाक, पण मला डॅशबोर्डचा मूळ लूक घालवायचा नव्हता.

कुठेच न अडता गोल फिरत राहणारा नॉब असेल तर आत रोटरी एन्कोडर असतो. तो दोन सिग्नल पाठवतो, आधी कुठला आला त्यावरून सेटला दिशा कळते, काँटॅक्टवर मळ किंवा ऑक्साईड बसलं की हा क्रम चुकतो आणि आवाज उड्या मारतो. हा स्प्रे नेमका तोच थर काढतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची (आधी रेडिओचा चोरीविरोधी कोड जवळ आहे ना बघा, बऱ्याच जुन्या सेटना तो परत टाकावा लागतो), नॉब सरळ बाहेर ओढायचा, दांड्याच्या कडेने अगदी थोडा स्प्रे मारून दोन्हीकडे भरपूर फिरवायचं आणि नीट सुकू द्यायचं. जास्त मारू नका, आत डिस्प्लेपर्यंत ओघळतो.

माझा नॉब आता एकदम सुरळीत चालतोय, खरंच खूप बरं वाटलं. पण काँटॅक्ट झिजलेच असतील तर स्प्रेचा उपयोग तात्पुरताच, मग एन्कोडरच बदलायचा, पार्ट छोटासा असतो पण काम सोल्डरिंग नीट येणाऱ्याकडेच द्या.