एका घरात दोन मीटर: अर्थिंग वेगळं ठेवायचं की जोडायचं?

आतेभावाचं इंदूरच्या लोकमान्य नगरात बांधकाम चालू आहे. खाली दुकानाचा थ्री फेज मीटर, वर घराचा सिंगल फेज, गच्चीवर उद्या सोलर, आणि त्याचा वायरमन भिया ठामपणे सांगून गेला की प्रत्येकाचा अर्थिंगचा खड्डा वेगळा घ्यायचा आणि एकमेकांना अजिबात जोडायचं नाही, नाहीतर याचा करंट त्याच्याकडे जाणार. तो खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. आणि इंदूरात खाली दुकान वर घर अशी इतकी घरं आहेत की हा प्रश्न नुसता आमचा नाही.

आधी वेगळं ठेवण्याच्या बाजूने बोलू. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स ८ ओम, ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा २. दुकानातल्या फ्रीजच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) याकडे ढुंकूनही बघत नाही. बॉडीवर मात्र १८४ व्होल्ट बसलेले असतात. अर्थिंग वेगळं असेल तर हे लचांड दुकानापुरतं राहतं, वरच्या मशीनला, गीझरला पत्ताही लागत नाही. भियाची भीती हीच आहे आणि ती खरी आहे.

पण घर म्हणजे काही दोन बेटं नाहीत ना. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात मागच्या चौकात वहिनीचं वॉशिंग मशीन वरच्या मीटरवर आणि शेजारीच पाण्याची मोटर खालच्या मीटरवर. वहिनी सांगत होती की मशीनला हात असताना मोटरच्या पाइपला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि आम्ही सगळे शहाणे चार दिवस म्हणत होतो अगं हात ओले असतील. शेवटी मल्टीमीटर लावला तर दोन्ही बॉडींच्या मधे ७० व्होल्ट! मोटरचं वाइंडिंग गेलेलं. अर्थिंग दोघांनाही होतं, फक्त दोघांचं आपापलं. हाताच्या टप्प्यात दोन वेगळी अर्थिंगं असली की मधला पूल माणूस बनतो. शिवाय जिन्याचं रेलिंग, कॉलमची सळई, नळाचे लोखंडी पाइप यांनी ती कुठेतरी नकळत, कच्ची जोडलेली असतातच, मग वेगळी ठेवली हे नुसतं मनाचं समाधान.

आता जोडायचं म्हटलं तर. दोन्ही खड्डे ८-८ ओमचे, नीट अंतर ठेवून घेतलेले, तर मिळून साधारण ४ होतात. तोच फॉल्ट आता ३८ अँपिअरचा, पण बॉडीवर अजूनही दीडशेच्या वर व्होल्ट, आणि तेही आता दोन्ही मजल्यांवर. घरातलं सगळं धातू एकदम वर चढतं म्हणून मशीन आणि मोटर यांच्यात फरक उरत नाही, पण अंगणात ओल्या मातीवर उभं राहून नळाला हात लावणाऱ्याचं काय? ३८ वर ३२ चा एमसीबी तासभर न पडता बसू शकतो. म्हणून जोडणी एकटी पुरत नाही, दोन्ही मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळतोय हे ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) पाहिजेच, त्याचं काम इतक्या ओमांतही डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. वरच्याचा आरसीसीबी खालचा फॉल्ट बघत नाही, हे विसरू नका. भाडेकरू दुकानदार लावत नसेल तर स्वतःच्या पैशाने लावून द्या, आणि ते झाल्यावरच जोडा.

आपल्याकडे जोडण्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे माळव्याची काळी माती. पावसाळ्यात झकास, मे महिन्यात भेगा पडून इलेक्ट्रोडपासून सुटते, मग रेझिस्टन्स वर. दोन खड्डे जोडलेले असले की एक रुसला तरी दुसरा असतो. मोजायचं तेही मे मध्ये मोजा, श्रावणात मोजून खूश होऊ नका. आणि तो फेज-अर्थला १०० वॅटचा बल्ब लावून "बघा, पेटला" करतात ना, त्यावर जाऊ नका. खड्डा ५० ओमचा असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो छान पेटतो. अर्थ टेस्टर आणायला सांगा.

जे जोडायचंच नाही ते म्हणजे न्यूट्रल, करंट परत नेणारी वायर. दोन मीटरचे न्यूट्रल एक झाले की आरसीसीबी उगाच पडत राहतात. एकच इन्व्हर्टर दोन्ही मजल्यांना दिला की हा घोळ हमखास होतो, आणि मग बदनाम होतं बिचारं अर्थिंग. जनरेटरचा चेंजओव्हर स्विचही न्यूट्रलसकट तोडणारा घ्या.

सोलरच्या लाइटनिंग अरेस्टरचा (पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा) खड्डा वेगळा घेतात ते ठीक, पण सगळ्या अर्थ वायरी जिथे एकत्र येतात त्या खालच्या मेन अर्थ बारला तोही जोडा. विजेपासून बचावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही पूर्ण इमारतीला एकच अर्थिंग असावं याच बाजूचं आहे. फक्त दोन्ही बोर्डांत एसपीडी (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) टाका.

वेगळं ठेवणं मला एकाच ठिकाणी पटतं. मागे लांब सुटी खोली किंवा पंपघर आहे, मधे रेलिंग नाही, लोखंडी पाइप नाही, तर तिथे स्वतःचा खड्डा, स्वतःचा आरसीसीबी.

भावाला मी सांगितलं ते असं: खड्डे वेगळेच घे, तळमजल्यावर एक मेन अर्थ बार लाव, दोन्ही बोर्डांपासून किमान ६ चौरस मिमी तांब्याची वायर तिथपर्यंत आण, खड्ड्याकडून येणाऱ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीला तांबं थेट चिकटवू नकोस, टिन केलेला लग (वायरच्या टोकाला बसणारी टोपी) वापर. टेस्टिंगसाठी बारवरची जोडपट्टी (लिंक) सुटी होणारी ठेव, पण ती काढायची तर दोन्ही मेन आणि सोलर बंद करून, आणि हे दोन्ही बोर्डांवर मोठ्या अक्षरात लिही, कारण पुढच्या वेळी येणारा वायरमन दुसराच असेल.