घरचा संगणक कार्यालयातून चालवताना: आठ महिन्यांचा अनुभव आणि छोट्या बॅटरी-सेलचा घोळ

गेल्या सोमवारी नाशिकमधील सातपूरच्या कार्यालयात डबा उघडला आणि नेहमीप्रमाणे घरच्या संगणकाला जोडायला गेलो, तर क्रोम रिमोट डेस्कटॉप या ब्राउझरमधून दूरचा संगणक चालवणाऱ्या साधनाच्या पानावर त्याच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ एवढेच दिसत राहिले. आठ महिने विनातक्रार चाललेली व्यवस्था अशी बंद पडली, म्हणून हे लिहितो आहे.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. हिशेब इंदिरानगरच्या घरातील डेस्कटॉपवर असतात आणि सभासदांना पावत्या लागतात त्या नेमक्या माझ्या कामाच्या वेळेत. कार्यालयाच्या नेटवर्कमधून बाहेर जाण्यासाठी फक्त 80 आणि 443 हे पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेली नेटवर्कची दारे, उघडे आहेत. विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप 3389 वर चालते, ते बंद आहे, आणि 2019 मध्ये त्यातली ब्लूकीप नावाची सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यानंतर ते बंद ठेवणाऱ्या आयटी विभागाला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय घरी विंडोजची होम आवृत्ती असल्यामुळे तिच्यात बाहेरून आत येण्याची ती सोयच नाही. आडवाटा न शोधता मी रीतसर ईमेल लिहिला, तेव्हा केवळ जेवणाच्या सुट्टीत आणि कार्यालयाची एकही फाइल तिकडे न नेण्याच्या अटीवर क्रोम रिमोट डेस्कटॉपला लेखी परवानगी मिळाली.

घरच्या राउटरला मिळणारा इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता 100.72 ने सुरू होतो, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्याआड अनेक ग्राहक बसवलेले आहेत आणि बाहेरून थेट माझ्या घरापर्यंत पोहोचता येत नाही. स्वतंत्र पत्त्यासाठी इंटरनेट पुरवठादाराने दरमहा वेगळे पैसे मागितले. ते देण्याचा प्रश्नच नव्हता. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये घरचा संगणक स्वतःच बाहेर जोडणी करून ठेवतो, त्यामुळे पत्त्याची भानगडच उरत नाही. किमान 6 अंकी पिन आणि बाजूला चार पर्याय, एवढ्यावर चालणारे हे मोफत साधन सुरुवातीला मला पोरकट वाटले होते. तीन आठवड्यांत मत बदलले: पावती घरी तयार करून लगेच इकडे उतरवून घेता येते, आणि संगणक पुन्हा सुरू झाला तरी लॉगिनच्या पडद्यापासून ताबा मिळतो.

खरा प्रश्न संगणक जागा ठेवण्याचा होता. नुसता चालू असताना तो सुमारे 45 वॅट घेतो, म्हणजे दिवसरात्र ठेवला तर महिन्याला 32 युनिट. आमचा वापर आधीच 280 च्या आसपास असल्याने बिल थेट 300 युनिटांच्या पुढच्या महाग टप्प्यात जाते. आईला बटण दाबायला सांगून पाहिले. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, “अरे, तुझ्या कॉम्प्युटरवरचा बाण आपला आपणच फिरतोय, बंद करू का?” हे विचारेपर्यंत तिने भिंतीवरचे बटण बंदही केले होते. वेक-ऑन-लॅनचा, म्हणजे नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याचा, संदेश घरातल्या घरात चालतो, पण कार्यालयातून तो राउटरच्या आत पोहोचत नाही.

अखेर मोबाईलवरून चालणारा स्मार्ट प्लग घेतला आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परतल्यावर काय करायचे ते ठरवणारा पर्याय बदलला. येथे माझे दोन दिवस गेले, कारण मी ‘लास्ट स्टेट’ निवडले होते. त्यात बंद केलेला संगणक वीज आल्यावरही बंदच राहतो. ‘पॉवर ऑन’ निवडल्यावर दुपारी प्लग सुरू करायचा, दोन मिनिटांत जोडायचे, काम झाले की संगणक रीतसर बंद करून मग प्लग बंद करायचा, असा क्रम बसला. वीजबिल पाहून मी स्वतःवरच खूश होतो.

सोमवारी आईने बटण दाबल्यावर संगणक सुरू झाला, तरी ‘ऑफलाइन’ काही हटेना. संध्याकाळी मायको सर्कलच्या गर्दीतून घरी पोहोचलो तर पडद्यावर 2017 सालची 1 जानेवारी होती. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात, हे तेथे ध्यानात आले. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) गेल्याचे सांगून नव्याचा भाव काढला. मी महात्मा गांधी रस्त्यावरून मदरबोर्डवरचे घड्याळ चालवणारा 40 रुपयांचा सीआर 2032 सेल आणला, बसवला, पुसला गेलेला बायोसचा पर्याय आणि तारीख पुन्हा लावली आणि सर्व पूर्ववत झाले.

चूक माझ्या काटकसरीची होती. प्लग बंद असला की मदरबोर्डला वीज मिळत नाही आणि घड्याळ व बायोसच्या नोंदी त्या सेलवर जगतात; मी त्याला रोज बावीस-तेवीस तास राबवत होतो. आता प्लग कायम चालू असतो आणि दुपारी फक्त दहा सेकंद बंद करून पुन्हा सुरू करतो. बंद संगणकही दीड वॅट घेतो, म्हणजे महिन्याला एक युनिट. तेवढे सोसायचे ठरवले आहे.